मायदेशातच काम मिळावं म्हणून: डेबोरा मेलमन यांची कारकीर्द आणि ऑस्ट्रेलियाचा नवा कायदा

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेने एक कायदा मंजूर केला. ज्या स्ट्रीमिंग सेवांचे त्या देशात दहा लाखांहून जास्त वर्गणीदार आहेत, त्यांनी कार्यक्रमांवर होणाऱ्या तिथल्या एकूण खर्चाच्या किमान १० टक्के रक्कम नव्या ऑस्ट्रेलियन कार्यक्रमांसाठी वापरायची. ते नको असेल तर तिथल्या उत्पन्नाच्या ७.५ टक्के. नाट्यमालिका, मुलांचे कार्यक्रम, माहितीपट, कलाविषयक आणि शैक्षणिक कार्यक्रम यात धरले जातील. पाठोपाठ डिसेंबरमध्ये ‘नेबर्स’ ही १९८५ साली सुरू झालेली मालिका दुसऱ्यांदा बंद पडली.

दोन्ही बातम्या आपल्याकडे चार ओळींत येऊन गेल्या. पण वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न राहतोच. देश श्रीमंत, भाषा इंग्रजी, निकोल किडमन, केट ब्लँचेट, मार्गो रॉबी या हॉलिवूडच्या अभिनेत्री सगळ्या तिथल्याच. अशा देशाला स्वतःच्या मालिका टिकवायला कायदा कशाला करावा लागतो?

मला वाटतं, याचं उत्तर अभिनेत्री डेबोरा मेलमन यांच्या कारकिर्दीत नीट दिसतं. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं ऐकलेलं नसेल. ऑस्ट्रेलियात मात्र टीव्ही पाहणाऱ्या घरात त्यांचा चेहरा ओळखीचा आहे. तीस वर्षं त्या काम करताहेत आणि त्यातलं बहुतेक काम त्यांच्या स्वतःच्या देशात, स्वतःच्या देशाबद्दल झालेलं आहे. हे आपोआप झालेलं नाही.

आधी बाजार समजून घेऊ

ऑस्ट्रेलियात टीव्ही आला १६ सप्टेंबर १९५६ रोजी, सिडनीत. त्याआधी तिथल्या नटनट्यांचं पोट रेडिओ नाटकांवर चालायचं. टीव्ही आल्यावर ते काम आटलं आणि टीव्हीवर त्यांना जागा मिळाली नाही, कारण पडदा अमेरिकी मालिकांनी भरून गेला होता. १९६३ मध्ये सिनेटर व्हिन्सेंट यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने अहवाल दिला: टीव्हीवर दाखवल्या गेलेल्या नाट्यमालिकांपैकी ९७ टक्के अमेरिकेतून आलेल्या होत्या.

यामागचं गणित अवघड नाही. अमेरिकी मालिकेचा खर्च तिच्या घरच्या बाजारातच निघालेला असतो. त्यानंतर परदेशात ती कितीही स्वस्त विकली तरी तो वरचा नफाच. आठवडी बाजारात मोठ्या गिरणीचा उरलेला माल पडेल भावात आला, तर गावातल्या विणकराचं लुगडं कितीही चांगलं असलं तरी महागच वाटणार. सिडनीतल्या वाहिनीपुढे हाच हिशोब होता. नवी मालिका बनवायची तर लेखक, नट, सेट, तंत्रज्ञ सगळ्यांचे पैसे मोजा, नाहीतर त्याच्या लहानशा हिश्शात तयार मालिका विकत घ्या.

मराठी वाचकाला हे चटकन जाणवत नाही, कारण आपल्या मालिकांभोवती भाषेचं कुंपण आहे. संध्याकाळी सातला घरात मराठी मालिकाच लागते. अमेरिकी मालिका कितीही स्वस्त मिळाली तरी ती जागा तिला घेता येत नाही. ऑस्ट्रेलियाकडे हे कुंपणच नाही. भाषा तीच, पेहराव तोच, विनोदही बराचसा कळणारा. वर देशाची लोकसंख्या पावणेतीन कोटींच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहूनही कमी. एवढ्या लहान बाजारात महागडी नाट्यमालिका स्वतःच्या पायावर उभी राहणं कठीणच.

म्हणून तिथे कोटा आला. कोटा म्हणजे वाहिनीने ठरावीक प्रमाणात देशात बनलेले कार्यक्रम दाखवायची सक्ती. कलाकारांनी १९७० च्या दशकात त्यासाठी मोठी चळवळ केली. आज तिथल्या व्यावसायिक वाहिन्यांना मुख्य वाहिनीवर सकाळी सहा ते मध्यरात्र या वेळेतले ५५ टक्के कार्यक्रम ऑस्ट्रेलियन दाखवावे लागतात. पण नुसत्या ५५ टक्क्यांनी अभिनेत्रीला काम मिळत नाही. बातम्या, क्रिकेट आणि स्वयंपाकाच्या स्पर्धा दाखवूनही तो आकडा भरतो. म्हणून नाट्यमालिका आणि मुलांचे कार्यक्रम यांचा कोटा अनेक वर्षं वेगळा मोजला जायचा. नटनट्यांसाठी महत्त्वाचा होता तो हा आतला कोटा.

माउंट आयझाची मुलगी

डेबोरा मेलमन यांचा जन्म १९७२ चा. क्वीन्सलँड राज्याच्या वायव्य टोकाला, समुद्रापासून कितीतरी आत, माउंट आयझा नावाचं खाणींचं गाव आहे. शिसं, जस्त आणि २०२५ पर्यंत तांबं यांच्या खाणी आणि दरवर्षी भरणारा मोठा रोडिओ, म्हणजे उधळलेल्या घोड्यांवर आणि बैलांवर बसून दाखवण्याचे खेळ, ही त्या गावाची ओळख. मेलमन यांचे वडील बिजारा या आदिवासी समाजातले आणि रोडिओतले स्वार. आई न्यूझीलंडची, माओरी. वडील रोडिओच्या मैदानाची देखभाल करायचे, त्यामुळे कुटुंब राहायचं त्या मैदानावरच. टीव्हीच्या जगापासून याहून दूरचं बालपण कल्पनेतही येणार नाही.

त्यांनी ब्रिस्बेनला येऊन नाट्यशिक्षण घेतलं आणि १९९२ मध्ये पदवी मिळवली. हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी ३ जूनला ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, माबो खटल्याचा निकाल दिला. ब्रिटिश येण्याआधी ही जमीन कुणाच्याच मालकीची नव्हती, हे दोनशे वर्षं चालत आलेलं गृहीतक त्या निकालाने मोडीत काढलं आणि मूळनिवासींचा जमिनीवरचा पारंपरिक हक्क मान्य केला.

ब्रिस्बेनमध्ये तेव्हा कुएम्बा जदारा नावाची मूळनिवासी कलावंतांची नाट्यसंस्था नुकतीच सुरू झाली होती. दिग्दर्शक वेस्ली ईनॉक आणि मेलमन यांनी मिळून तिच्यासाठी एक एकपात्री नाटक लिहिलं, ‘द सेव्हन स्टेजेस ऑफ ग्रीव्हिंग’. १९९५ मध्ये ते रंगमंचावर आलं. मंचावर दोरांनी टांगलेला बर्फाचा मोठा ठोकळा आणि त्याखाली नुकत्याच उकरलेल्या तांबड्या मातीची कबर. नाटक चालू असताना बर्फ वितळत राहतो आणि थेंब मातीवर पडत राहतात. या सगळ्यात एकच बाई बोलत असते: आजीच्या मरणाबद्दल, दुकानात पाठीमागे लागणाऱ्या संशयी नजरांबद्दल, आईबापांपासून हिरावून नेलेल्या मुलांबद्दल. मंचावर एकटीने तासभर प्रेक्षकांना धरून ठेवायचं, तेही स्वतः लिहिलेल्या शब्दांवर, हे पंचविशीच्या आतल्या मुलीला साधलं होतं. टीव्हीने त्यांना घडवलं असं कुणी म्हणालं तर मला ते पटत नाही. टीव्हीपर्यंत पोचल्या तेव्हा त्या घडलेल्याच होत्या.

टीव्हीवर आल्या, पण कुठल्या खुर्चीत?

१९९८ मध्ये रेचल पर्किन्स दिग्दर्शित ‘रेडियन्स’ या चित्रपटासाठी मेलमन यांना ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटचा (एएफआय) सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या आदिवासी अभिनेत्री. याच सुमाराला त्या ‘प्ले स्कूल’ या मुलांच्या कार्यक्रमात दिसू लागल्या. हा कार्यक्रम १९६६ पासून चालू आहे आणि तिथल्या कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या आहेत.

खरी ओळख दिली ती २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘द सीक्रेट लाइफ ऑफ अस’ने. मेलबर्नच्या सेंट किल्डा भागातल्या एका इमारतीत राहणारी विशी-तिशीची मुलंमुली, त्यांची प्रेमं, नोकऱ्या, घरभाडी. नेटवर्क टेन ही व्यावसायिक वाहिनी आणि ब्रिटनचं चॅनेल फोर यांनी मिळून पैसे घातले होते. मेलमन यांची केली ही त्या घरातली एक मुलगी. ती प्रेमात पडते, फसते, मैत्रिणींशी भांडते. तिचं आदिवासी असणं हा कथेचा ‘विषय’ नव्हता. आज हे साधं वाटेल. पण तोवर आदिवासी पात्र पडद्यावर आलं की ते बहुतेकदा पोलीस कोठडी, दारू किंवा एखाद्या सामाजिक प्रश्नासोबतच यायचं. आदिवासी मुलीला इतरांसारखं सामान्य आयुष्य पडद्यावर मिळणं हीच मोठी गोष्ट होती.

या भूमिकेसाठी त्यांना २००२ आणि २००४ मध्ये लॉगी मिळाले. लॉगी हे तिथले टीव्हीचे मोठे पुरस्कार. टीव्हीचे आद्य संशोधक जॉन लॉगी बेअर्ड यांचं नाव त्यांना दिलेलं आहे. त्यात काही पुरस्कार प्रेक्षकांच्या मतांवर ठरतात, काही जाणकारांच्या समितीकडून. मेलमन यांचे दोन्ही समितीने दिलेले.

इथे थोडं थांबून पाहायला हवं. दोन लॉगी मिळालेल्या, चित्रपटाचा सर्वोच्च पुरस्कार नावावर असलेल्या अभिनेत्रीला पुढे काय मिळालं? २०१० पासून ‘ऑफस्प्रिंग’ या लोकप्रिय मालिकेत त्या होत्या. नायिका एक डॉक्टर आणि मेलमन तिच्या रुग्णालयातली सहकारी. भूमिका चांगली, अभिनय उत्तम, पण गोष्ट पुन्हा दुसऱ्या कुणाची. कोट्याने काम दिलं, घर चालवलं, चेहरा ओळखीचा केला. कथेच्या मध्यभागी कोण बसणार हे मात्र कोटा ठरवत नाही.

सरकारी वाहिनीचा वेगळा आधार

या विषयावर लिहिणारे बरेचदा कोटा आणि सार्वजनिक प्रसारण एकाच गाठोड्यात बांधतात. ती दोन वेगळी साधनं आहेत. एबीसी ही ऑस्ट्रेलियाची सार्वजनिक वाहिनी सरकारी पैशावर चालते आणि तिला व्यावसायिक वाहिन्यांचा कोटा लागू नाही. कुठली मालिका करायची हे तिचं तीच ठरवते.

२०१० च्या सुमारास एबीसीने मूळनिवासींच्या कार्यक्रमांसाठी स्वतंत्र विभाग उभा केला आणि त्याच्या प्रमुखपदी त्याच समाजातली व्यक्ती आणली. त्याचं फळ २०१२ मध्ये दिसलं. ‘रेडफर्न नाउ’ ही मूळनिवासींनीच लिहिलेली आणि दिग्दर्शित केलेली मालिका आली. रेडफर्न ही सिडनीतली आदिवासींची जुनी वस्ती. प्रत्येक भागात वेगळं घर, वेगळा पेच. निर्मिती ब्लॅकफेला फिल्म्सची. ही कंपनी ‘रेडियन्स’च्या रेचल पर्किन्स यांनीच १९९२ मध्ये सुरू केलेली. मेलमन या मालिकेत होत्या. त्याच वर्षी पर्किन्स यांच्याच ‘माबो’ या टीव्हीपटात त्यांनी, १९९२ चा तो खटला ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या एडी माबो यांच्या पत्नी बोनिता यांचं काम केलं. निकाल लागण्याच्या काही महिने आधीच एडी वारले होते. त्यामुळे तो खटला पाहताना प्रेक्षकाची नजर बोनितांवर खिळून राहते. आयुष्यभर लढणाऱ्या माणसाचा संसार सांभाळणारी, चिडणारी, त्याच्यासोबत उभी राहणारी आणि शेवटी तो निकाल त्याच्याशिवाय ऐकणारी बाई. मेलमन यांच्या कामात मला सर्वात जवळचं वाटतं ते हेच.

रेडियन्स, रेडफर्न नाउ, माबो: नावं पाहिली की लक्षात येतं, तीच माणसं पुन्हा पुन्हा एकमेकांसोबत काम करताहेत. संस्था टिकली की माणसं टिकतात आणि त्यांच्याजवळ एकमेकांसाठी लिहिण्याइतका वेळ असतो.

सत्तेचाळीसाव्या वर्षी

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये एबीसीवर ‘टोटल कंट्रोल’ सुरू झाली. क्वीन्सलँडच्या आतल्या भागातली अॅलेक्स अर्विंग एका गोळीबाराच्या प्रसंगात धाडसाने पुढे होते, त्याची चित्रफीत देशभर पसरते आणि पंतप्रधान तिला सिनेटमध्ये आणतात. पंतप्रधानांना आपल्या प्रतिमेसाठी एक चेहरा हवा असतो. अॅलेक्स तो चेहरा होऊन गप्प बसत नाही. पंतप्रधानांच्या भूमिकेत रेचल ग्रिफिथ्स. मालिकेची मूळ कल्पनाही त्यांचीच. निर्मितीत पुन्हा ब्लॅकफेला फिल्म्स.

इथे मालिकेचा सगळा भार मेलमन यांच्या पात्रावर होता. तेव्हा त्या ४७ वर्षांच्या होत्या. अॅलेक्स चुका करते, खोटं बोलते, मुलाकडे दुर्लक्ष करते, सूड घेते. चांगुलपणाचा पुतळा होण्याची सक्ती नसलेली आदिवासी नायिका. या भूमिकेने त्यांना आक्टाचा, म्हणजे जुन्या एएफआय पुरस्कारांच्या नव्या रूपाचा, टीव्हीवरच्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळवून दिला.

आता भागांचा हिशोब बघा. पहिला हंगाम २०१९, दुसरा २०२१, तिसरा आणि शेवटचा २०२४. प्रत्येकी सहा भाग, एकूण अठरा. आपल्याकडची दैनंदिन मालिका एवढे भाग तीन आठवड्यांत संपवते. ऑस्ट्रेलियातल्या एका आघाडीच्या अभिनेत्रीच्या मोठ्या मुख्य भूमिकेला ते पुरे करायला सव्वाचार वर्षं लागली. मधल्या काळात तिने काय करायचं? दुसऱ्या मालिकेत छोटी भूमिका, चित्रपट, नाटक, लघुमालिका. मेलमन यांनी हे सगळं केलं. नेटफ्लिक्सच्या ‘बॉय स्वॉलोज युनिव्हर्स’मध्ये त्या दिसल्या आणि ‘द न्यू बॉय’ चित्रपटात केट ब्लँचेटसोबत. म्हणजे दोन मोठ्या कामांमधली फट किती रुंद आहे यावर कारकीर्द टिकते की मोडते ते ठरतं. ही फट भरणारी कामं कुठून येतात, हा कायद्याचा प्रश्न आहे.

‘पण गुणवत्ता असेल तर हॉलिवूड बोलावतंच की’

बोलावतं, पण कुणाला आणि कुठून? मार्गो रॉबी अमेरिकेला गेल्या त्याआधी २००८ ते २०११ ‘नेबर्स’मध्ये रोज कॅमेऱ्यासमोर उभ्या होत्या. रोजच्या मालिकेत पाठांतर, कॅमेऱ्याच्या खुणा, एका दिवसात कित्येक प्रसंग उरकणं हे अंगात मुरतं. २०२२ मध्ये ब्रिटनच्या चॅनेल फाइव्हने पैसे काढून घेतल्यावर ती मालिका थांबली, २०२३ मध्ये अमेझॉनने उचलली आणि २०२५ मध्ये पुन्हा बंद झाली. एका देशाच्या नटांची शाळा दोन्ही वेळा परदेशी कंपनीच्या निर्णयाने बंद पडली, हे मला फार गंभीर वाटतं. ‘होम अँड अवे’ ही तशीच दुसरी मालिका १९८८ पासून अजून तग धरून आहे.

शिवाय हॉलिवूड अॅलेक्स अर्विंगची गोष्ट सांगायला येणार नाही. बोनिता माबोंचीही नाही.

‘सक्तीने दर्जा घसरत नाही का?’

कोटा भरायला काढलेल्या सुमार मालिका तिथेही झाल्या आहेत, हे मान्य. पण उलटी बाजू तपासायची संधीही तिथेच मिळाली. करोनाच्या काळात २०२० मध्ये नाट्यमालिका आणि मुलांच्या कार्यक्रमांचा तो आतला कोटा स्थगित झाला. १ जानेवारी २०२१ पासून नवी गुणपद्धत आली, म्हणजे कार्यक्रमाच्या प्रकाराप्रमाणे गुण मिळवून वर्षाचा ठरलेला आकडा पुरा करायचा, आणि व्यावसायिक वाहिन्यांवरची मुलांच्या कार्यक्रमांची सक्ती संपली. त्या वाहिन्यांवर मुलांसाठी बनणारे नवे ऑस्ट्रेलियन कार्यक्रम त्यानंतर झपाट्याने घटले. सक्ती काढली म्हणून दर्जेदार कार्यक्रम आले नाहीत, कार्यक्रमच गेले. दर्जाचा प्रश्न निघतो तो काहीतरी बनत असेल तेव्हाच.

आपल्याकडे २०१५ मध्ये मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला चांगली वेळ देण्याच्या निर्णयावरून हाच वाद झाला होता. तिथे प्रश्न पडदा मिळण्याचा होता, ऑस्ट्रेलियात मुळात चित्रीकरण होण्याचा आहे. म्हणून नवा कायदा वेळेचं नाही, खर्चाचं प्रमाण ठरवतो. स्ट्रीमिंगवर ‘रात्री आठची वेळ’ नसतेच; तिथे तासांचा कोटा लावला तर हजारो कार्यक्रमांच्या ढिगात कुठेतरी खाली टाकून तो भरता येईल. पैसे खर्च करावेच लागले तर निदान कुणीतरी कॅमेऱ्यासमोर उभं राहील.

‘स्ट्रीमिंगवाले स्वतःहून करतच होते ना?’

करत होते. नेटफ्लिक्स २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात आलं आणि मागच्या काही वर्षांत तिथल्या चांगल्या मालिका त्याने बनवल्या. पण स्वतःहून केलेलं काम एका वर्षी होतं, पुढच्या वर्षी मुख्यालयातल्या एका बैठकीत थांबतं. अभिनेत्रीला, लेखकाला, प्रकाशयोजनाकाराला भरवशाचं काम लागतं. हा कायदा यायला उशीर झाला त्याचंही कारण बाहेरचंच. सरकारने २०२३ च्या सांस्कृतिक धोरणात त्याचं आश्वासन दिलं होतं आणि १ जुलै २०२४ ची मुदत घातली होती. ती उलटून गेली. २००५ पासून लागू असलेल्या अमेरिकेबरोबरच्या मुक्त व्यापार कराराला तो धक्का देईल, ही भीती आड येत राहिली.

मग आता सगळं नीट होईल?

याची खात्री कायदा देत नाही. माहितीपट आणि शैक्षणिक कार्यक्रमही त्या १० टक्क्यांत बसतात आणि ते नाट्यमालिकेहून स्वस्त पडतात. कंपनी कुठल्या बाजूला झुकेल हे तिच्या हिशोबावर राहील. दुसरं, पैसा आला म्हणून मुख्य भूमिका कुणाला द्यायची हे बदलत नाही. २०१६ मध्ये स्क्रीन ऑस्ट्रेलिया या सरकारी संस्थेने पाच वर्षांच्या नाट्यमालिका तपासल्या. मुख्य पात्रांपैकी ५ टक्के मूळनिवासी होती, म्हणजे लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्याहून थोडी जास्तच. या आकड्यापर्यंत पोचवलं ते एबीसीचा विभाग, कुएम्बा जदारासारख्या नाट्यसंस्था आणि ब्लॅकफेला फिल्म्ससारख्या निर्मात्यांनी.

म्हणून येत्या दोन-तीन वर्षांत बघायचं असेल तर मी दोन गोष्टी बघेन. स्ट्रीमिंगच्या पैशातून आलेल्या किती नाट्यमालिकांना दुसरा आणि तिसरा हंगाम मिळतो. आणि आज ब्रिस्बेनमध्ये नाट्यशिक्षण पुरं करणाऱ्या आदिवासी मुलीला, मेलमन यांना जिथे पोचायला ४७ वर्षं लागली त्या जागी, तिशीत पोचता येतं का.